बोयींच्या घोळक्याखाली

मी चेन्नईला गेले ती नाही म्हणायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे देवळांची वर्णनं, रेशमी साड्यांची दुकानं आणि किनाऱ्यावरचा सूर्योदय कोणी शोधत बसायला नको. तसला प्रवास करून आलेली माणसं आमच्या पेणमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे फोटोही आहेत. माझ्याकडे एकच फोटो आहे. त्यात माझे दोन्ही पाय पोटरीपर्यंत चिखलात आहेत आणि तोंड उघडं आहे.

माझी मुलगी केतकी चार वर्षं चेन्नईत नोकरी करते. तिला तिथला एक मुलगा आवडला. मुलगा मराठी आहे म्हणाली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. मग कळलं, मराठी आहे म्हणजे तंजावरचा मराठी आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. तेही चाललं असतं. पण त्यांच्या घरात मासा शिरत नाही असं ती हळूच म्हणाली, आणि मी तिकीट काढायला सांगितलं.

ज्यांना आमचा खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे घरामागे तळं असतं आणि तळ्यात जिताडे असतात. पाहुण्याला, साहेबाला, जावयाला द्यायची सगळ्यात मानाची भेट म्हणजे जिताडा. जावई पहिल्या सणाला येतो तेव्हा सासरा तळ्यात उतरतो, आणि त्या वेळी जाळ्यात काय येतं यावर त्या घराची पत ठरते. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण गावात माझं नाव आहे ते जिताडा कापण्यासाठी. अशा घरची मुलगी दहीभाताच्या घरात द्यायची म्हणजे काय!

वेलचेरी, बुधवार

जानेवारी महिना. माझा घामाने जीव चाललेला आणि रस्त्यावरची माणसं माकडटोप्या घालून थंडी पडली म्हणत होती. स्टेशनपासून शेअर ऑटोने गेले. चौघांच्या जागेत आठ जण कोंबायची तिथे पद्धत आहे, पण माझ्या पिशवीत केतकीसाठी सुके सोडे होते, आणि वाळल्या कोळंबीचा वास लपत नाही, त्यामुळे मला एकटीला दोघांची जागा मिळाली. शेजारची बाई ऑटोला लटकत गेली तरी सरकली नाही.

केतकीचं घर पाचव्या मजल्यावर. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर पोरांची उंची लिहितात, तशा तिच्या इमारतीच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं ते रखवालदाराने मला कौतुकाने दाखवलं. आमच्या पेणलाही पूर येतो, पण आम्ही रेघा मारत नाही, नुसत्या आठवणी काढून एकमेकांना कंटाळा आणतो.

चहा झाल्यावर केतकी माझ्यासमोर मांडी घालून बसली. "आई, सरळ बोलू या. तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार लग्न. पळून-बिळून जायचा प्लॅन नाहीये माझा. पण कारण द्यायचं. आणि मासा हे कारण चालणार नाही."

घ्या. मासा हेच तर माझं कारण होतं. बाकी मुलात खोट काढायला जागाच नव्हती. मुरली नाव, तिच्याच ऑफिसात आहे, उंच आहे, हसतमुख आहे, आणि स्वतःची ताटं स्वतः विसळतो.

पण मासा म्हणजे नुसता मासा नाही, हे तिला कसं सांगू? माझी धाकटी बहीण सुलू अशाच एका घरात दिली होती. घर चांगलं, माणसं चांगली, कोणी एका शब्दाने बोललं नाही. आणि ही बाई माहेरी आली की स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून, पाठ आमच्याकडे करून, घाईघाईने बांगडा खायची. "अगं बस की," म्हटलं तर दचकायची. वीस वर्षं झाली, अजून तशीच खाते. माझ्या पोरीला अशी उभ्याने खाताना मला बघायचं नव्हतं. सुलूचं नाव मी केतकीसमोर काढलं नाही. "बघू," एवढंच म्हटलं आणि मनातल्या मनात बेत केला. त्यांच्या घरी जाऊन सगळ्यांच्या देखत माशाचा विषय काढायचा. तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतात ते बघायचं आणि त्यावरून ठरवायचं.

तांबरम, शुक्रवार

मुरलीचं घर तांबरमला, रेल्वेच्या पलीकडे, कॉलेजच्या मागच्या गल्लीत. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, एवढी रेखीव की तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी उडी मारली आणि थेट मुरलीच्या वडिलांच्या पायावर उतरले. आमची ओळख अशी झाली.

व्यंकोबाराव कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त. काटकुळे, कपाळावर गंध, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्या पत्नी अंबुजाबाई गोऱ्यापान, दोन्ही नाकपुड्यांत हिरे, आणि चेहरा असा की त्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही.

"या कीं, उन्हांत आलांत," अंबुजाबाई म्हणाल्या. "पाणी घेतां, का मोर देऊं?" मी क्षणभर गोंधळले, मग भांड्यात ताक आलं. त्यांची मराठी ऐकून माझ्यातली शिक्षिका सुखावली. जुन्या सनदेतली भाषा कोणीतरी तमिळ चालीवर म्हणावी तशी. मुरली मात्र तीन शब्द मराठी, दोन तमिळ आणि उरलेले इंग्रजी असं बोलत होता. "आंटी, तुम्ही कम्फर्टेबल बसा," एवढं सोडलं तर तो बहुतेक हसतच होता.

जेवायला केळीचं पान. पहिल्याच घासाला मी थबकले. डांगर! उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं, आमच्या आजीच्या हातचं असायचं तसंच. फक्त फोडणीत कढीपत्ता आमच्या दुप्पट होता. "हें तुमच्याकडेंही करतात?" अंबुजाबाईंनी विचारलं, आणि आम्ही दोघी पाच मिनिटं डांगरावर बोललो. मी विरघळायला लागले होते. मग मला माझा बेत आठवला.

"बाकी," मी सांबाराचा भुरका मारून म्हटलं, "तुमच्या या भागात जिताडा कसा मिळतो?"

टेबलाखालून केतकीने मला लाथ मारली. अंबुजाबाईंचा हात भाताच्या भांड्यात थांबला. मुरली छताकडे बघू लागला. मी व्यंकोबारावांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला पाहायला मिळालं ते भलतंच. म्हाताऱ्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता.

"जिताडा म्हणजे इकडचा कोडुवा नं? पाणी गढूळ असतां सोनेरी दिसतो, निवळ असतां रुपेरी?"

"तोच."

"मुरली, पेटी आण!"

"अय्यो," अंबुजाबाई म्हणाल्या आणि भात वाढू लागल्या. "आतां कॉफीपर्यंत कोणी उठणार नाहीं."

पेटी आली. तिच्यात कप्पे, कप्प्यांत खोटे मासे. चमचमते, पट्ट्यापट्ट्यांचे, पुढे जीभ असलेले, पोटाखाली तीन-तीन गळ लटकवलेले. त्यांना लूर म्हणतात असं मुरलीने सांगितलं. प्रत्येकाला ग्रंथालयाच्या पुस्तकाला असते तशी चिठ्ठी आणि क्रमांक. सोबत एक जाडजूड वही, कुठला क्रमांक कुठल्या पाण्यात, भरतीला की ओहोटीला टाकला आणि काय लागलं त्याची. एकतीस वर्षं हा शुद्ध शाकाहारी माणूस दर रविवारी मासे पकडत होता.

"आणि करता काय त्यांचं?"

"सोडून देतों."

"खायचा नाही तर पकडायचा कशाला?"

"पाहण्यास."

"बघायला मत्स्यालय असतं की."

"तिथें तो मला ओढीत नाहीं," व्यंकोबाराव म्हणाले, आणि पोरासारखे लाजले.

मला हे मुळीच पटलं नाही. पाहुण्याला जेवायला बोलवायचं, गालाला चिमटा काढायचा आणि दारातून परत पाठवायचं, असला हा प्रकार. मी तसं बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत, उलट येत्या रविवारी खाडीवर या म्हणाले. मग माझ्यातला खट्याळपणा उसळला. मी म्हटलं, येते, पण शर्त लावून. मासा तुमच्या काठीला लागला तर तुम्ही सोडा. माझ्या काठीला लागला तर माझा, मी तो घरी नेणार, केतकीकडे शिजवणार, आणि तुम्ही सगळ्यांनी तिथे जेवायला यायचं. तुमच्यासाठी वेगळं, वेगळ्या भांड्यात.

केतकीने डोळे मिटले. व्यंकोबारावांनी बायकोकडे पाहिलं. अंबुजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "सेरी," त्या म्हणाल्या. "येऊं." त्यांना बरं वाटलं की राग आला, काही कळलं नाही.

मुट्टुकाडू, रविवार

उजाडताना आम्ही खाडीवर पोचलो. केतकी आणि मुरली, व्यंकोबाराव आणि मी. खाडी इथे समुद्राला मिळते. समोर वाळूचा बांध, त्याच्या पलीकडे लाटा, अलीकडे सपाट राखाडी पाणी, आणि त्यात बगळे आमच्या आधीच कामाला लागलेले. ओहोटी नुकती सुरू झाली होती. मी साडी खोचली, पायात केतकीचे बूट, आणि चिखलात उतरले. चिखल आमच्याकडच्यासारखाच, वासही तोच, इतका की क्षणभर मला घरामागे उभं असल्यासारखं वाटलं.

आणि पाणी उकळायला लागलं. म्हणजे तसं दिसलं. हजारो बोयी मासे, वीतवीतभर लांब, एका जागी दाटून वर आल्या होत्या. मधूनच एखादी हवेत उडायची, मग दहा उडायच्या.

"मडवै," व्यंकोबाराव कुजबुजले. बोयीला इकडे मडवै म्हणतात. "खालीं कोडुवा आहे. म्हणून त्या उडतात." आणि त्यांनी पेटी उघडून मला शिकवायला घेतलं. त्यांच्यासारखा शिक्षक मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही. मासे जेवढे, लूर तेवढा. पाणी निवळ असेल तर रुपेरी, गढूळ असेल तर गडद. घोळक्याच्या मधोमध कधी टाकायचा नाही, कारण हजार खऱ्यांत आपला एक खोटा कोण बघणार? कडेला टाकायचा. आणि ओढायचा कसा? धट्ट्याकट्ट्या माशासारखा नाही. "लंगडा ओढायचा," ते म्हणाले. "थोडा चालला, थांबला, थोडा चालला. घोळक्यांत जो मागें पडतो तोच खाल्ला जातो."

हे ऐकून मला आमच्या शाळेची सहल आठवली, पण गप्प राहिले.

त्यांनी मला क्रमांक चौदा दिला. वीतभर, रुपेरी, पाठ हिरवट, अगदी बोय. काठी मागे घेऊन फेकायची कशी ते दाखवलं. मी पूर्ण ताकदीने फेकली आणि तंगुसाच्या टोकाला व्यंकोबारावांची माकडटोपी खाडीत गेली. सगळ्या बोयी पांगल्या. मुरली छातीएवढ्या पाण्यात जाऊन टोपी घेऊन आला. व्यंकोबाराव ती नाइलाजाने खांद्यावर वाळत घालून उभे राहिले. केतकी हसता हसता चिखलात बसली. मुरलीने तिला हात धरून उठवलं, आणि बूट रुतला होता तो वाकून काढून दिला. माझं लक्ष आहे हे त्याला माहीत नव्हतं.

बोयी परत आल्या. तास गेला. व्यंकोबारावांनी चौदा टाकला, सोळा टाकला, वीस टाकला. कडेला टाकला, लंगडा ओढला. खाली जिताडा होता यात शंका नव्हती. दोनदा मी त्याचा तो आवाज ऐकला, पाण्याच्या पोटात कोणी लाकडी फळी आपटावी तसा. पण आमच्याकडे तो ढुंकून बघत नव्हता. ते चष्मा लावून वही चाळू लागले. "असें होतें," ते खट्टू होऊन म्हणाले. "मडवै अशा दाट असतां पुष्कळदां असेंच होतें. कारण लागत नाहीं. वहीत आहे पहा, कितीदां."

मी वही बघितली. सगळं होतं त्यात. वारा, पाणी, रंग, लांबी. एकच गोष्ट कुठे नव्हती.

"व्यंकोबाराव, त्याच्या पोटात काय असतं हे तुम्ही कधी पाहिलंय?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी कसें पाहणार?"

खरंच की. जो मासा कधी कापलाच नाही त्याचं पोट कोण बघणार! एकतीस वर्षं हा माणूस पाण्यावर काय दिसतं ते बघून जिताड्याला काय हवं ते ठरवत होता. आणि मी चाळीस वर्षं जिताड्यांची पोटं उघडते आहे. ओहोटीच्या वेळी धरलेला जिताडा मी कितीदा कापला असेल! त्याच्या पोटात वीतभर बोय मला क्वचित सापडली. सापडतात त्या कोळंब्या. बोयी चिखलात तोंड घालून चरतात, कोळंब्या उठवतात, आणि हा आळशी गृहस्थ खाली बसून त्या मटकावतो. वर एवढी पंगत नाचते आहे म्हणून आपण समजतो की तो तीच खातोय.

"कोळंबी आहे का तुमच्याकडे? खोटी?"

पेटीच्या तळाशी, चिठ्ठी नसलेली, एक रबरी कोळंबी सापडली. मळकट तपकिरी, बोटाएवढी, कोणीतरी फुकट दिलेली. व्यंकोबारावांनी तिला कधी क्रमांकही दिला नव्हता. "ही? ह्या चकचकाटांत ही दिसेल तरी?"

"त्याला दिसली म्हणजे झालं."

मी ती घोळक्याच्या अलीकडे टाकली. या वेळी कोणाची टोपी गेली नाही. तळाला जाऊ दिली. चिखलावरून हळू, टुचुक, थांब, टुचुक. तिसऱ्या टुचकीला काठी माझ्या हातातून निघालीच होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडत होते एवढं नक्की, आणि ते पेणच्या बाजारातलं ओरडणं होतं. जिताडा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, गळ झटकायला बघितलं. व्यंकोबाराव चारही बाजूंनी नाचत होते. "ढिला द्या, ढिला! आतां घ्या! अय्यो, घ्या नं!" मुरलीने जाळी घातली. फोटो केतकीने काढला तो या वेळचा.

तीन किलो तरी असेल. असा सोनेरी जिताडा आमच्या तळ्यात दहा वर्षांत निघाला नसेल. व्यंकोबारावांनी सवयीप्रमाणे गळ काढला, दोन्ही हातांनी मासा पाण्यात आडवा धरला आणि त्याला श्वास मिळावा म्हणून हळूहळू मागेपुढे हलवू लागले. आजारी पोराला जोजवतात तसे. मग त्यांना शर्त आठवली. हात पाण्यातच थांबले.

त्यांनी मान वर केली नाही. मी काही बोलेन म्हणून सगळे थांबले होते. मोठं मन दाखवायची नामी संधी होती. मी ती सोडली. जिताडा तो जिताडा, आणि मी पेणची.

"तुमचा आहे," शेवटी व्यंकोबाराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मासा उचलून माझ्याकडे दिला.  मी जे करायचं ते पटकन केलं. तेवढा वेळ ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मला वाईट वाटलं. पण मासा मी परत दिला नाही, हेही लिहायला हवं.

वेलचेरी, त्याच दुपारी

केतकीकडे विळी नाही. चार वर्षं घर चालवते आहे आणि भाजीच्या सुरीवर भागवते. मी ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, खवले काढले, आणि पोटाला सुरी लावणार तोच दारात व्यंकोबाराव. नाकाला उपरणं, काखेत वही, हातात फूटपट्टी.

"मी पाहूं कां?"

"चक्कर येईल."

"आली तर मुरली धरील."

मुरली खरोखरच त्यांच्या मागे उभा राहिला. मी पोट उघडलं. नऊ कोळंब्या निघाल्या, दोन अजून अख्ख्या, मिशांसकट. शिवाय एक बोय, करंगळीएवढी, डोक्याकडून गिळलेली. व्यंकोबाराव दोन पावलं पुढे आले. उपरणं केव्हा खाली आलं ते त्यांनाही कळलं नाही. एकेक कोळंबी त्यांनी फूटपट्टीला लावली आणि लिहून घेतली.

"एकतीस वर्षें," ते वहीत बघत म्हणाले, "मी ह्यांस चुकीचें जेवण वाढीत आलों."

ते हसले, मग मीही हसले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुमच्या तळ्यातला काय खातो? मी म्हटलं, या आणि बघा. बोलून गेले आणि जीभ चावली. अजून हो कुठे म्हटलं होतं?

कारण माझी खरी धाकधूक बाहेरच्या खोलीत बसली होती. अंबुजाबाई आल्या होत्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, खिडकी उघडी ठेवून. व्यंकोबारावांचं ठीक होतं, त्यांना जिताड्याचं वेड. पण सुलूच्या घरातही पुरुषांनी कधी काही म्हटलं नव्हतं. घरातल्या बाईने काहीही न म्हणता नुसती खिडकी उघडली, की पोरगी दाराशी उभी राहून खायला शिकते.

मी आमसूल घालून आमटी केली, चार तुकड्या तव्यावर तळल्या. वास पाचही मजल्यांना गेला असणार. दुसऱ्या बाजूला केतकीने भात, रसम आणि दुधीची भाजी केली होती. पानं मांडायची वेळ आली तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, त्यांना आधी वाढू. आपण दोघी नंतर खाऊ. आत ओट्यापाशी खाऊ."

झालं! लग्नही व्हायचं होतं आणि ही ओट्यापाशी पोचलीसुद्धा.  मी म्हटलं, "नाही. सगळ्यांबरोबर बसायचं." माझा आवाज जरा मोठा निघाला असावा. मुरलीने आत डोकावून पाहिलं.

बसलो. एका बाजूला त्यांची तीन पानं, समोर आमची दोन. अंबुजाबाईंच्या पानात रसमभात वाढला होता. केतकी मान खाली घालून कोरडा भात चिवडत होती आणि माशाच्या पातेल्याकडे बघतही नव्हती. मी ते ओढून घेणार, एवढ्यात अंबुजाबाई उठल्या.

मला वाटलं, चालल्या.

त्यांनी पदर कमरेला खोचला, टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आल्या आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली. "सून जेवायला बसली असतां तिनें आपल्या हातानें घ्यावें, आमच्याकडें असें नाहीं," त्या म्हणाल्या. पातेल्यावर वाकल्या, आणि वाफ तोंडावर आली तसे त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. श्वासही धरला असावा, कारण नाकातले हिरे हलेनात. तशाच मिटल्या डोळ्यांनी त्यांनी पळी भरली आणि केतकीच्या पानात वाढलं. अर्धी तुकडी भातावर पडली, अर्धी टेबलावर.

केतकीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. टेबलावरची अर्धी तुकडी तिने बोटाने उचलली आणि बसल्या जागी, सगळ्यांसमोर, तोंडात टाकली.

"पुरे, विहीणबाई," मी म्हटलं.

मुरलीने चमकून केतकीकडे पाहिलं. अंबुजाबाईंनी हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या पानाकडे पाहिलं.

"एकीस वाढून पुरें कसें होईल?" त्या म्हणाल्या, आणि डोळे सताड उघडे ठेवून त्यांनी पळी पुन्हा पातेल्यात घातली.